मंडळीचे वर्ष आणि सेवेची कामे

नाताळापूर्वी शाळेच्या फलकावर उपासनेची वेळ लागते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास उत्तम शुक्रवारची सुटी येते. आणि सुगीच्या दिवसांत एखाद्या सकाळी गुरुजी वर्गात सांगतात की, मंडळीच्या सणासाठी ज्याची इच्छा असेल त्याने घरून ओंजळभर ज्वारी आणावी. ईट व भोवतालच्या वाड्यावस्त्यांतून शाळेत येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी ख्रिस्ती पंचांगाचा परिचय नसतो. मग मूल घरी जाऊन सांगते ते अर्धेमुर्धे असते, आणि पालकांच्या मनात दोन प्रश्न उरतात. एक साधा आहे : हे सण केव्हा व कशासाठी येतात, आणि त्यांतील एकाची तारीख दरवर्षी का सरकते? दुसरा तितका साधा नाही : मंडळीच्या सेवाकार्यात आपले मूल गेले, तर त्या सेवेमागे काही अट असते काय? ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलमाणसांनी मिळून करावा, ह्या हेतूने पुढील पाठ लिहिला आहे.

प्रथम 'मंडळी' हा शब्द पाहू. आपण 'घरची मंडळी जेवायला बसली' असे म्हणतो, तेव्हा माणसे डोळ्यांपुढे येतात, भिंती नव्हेत. मराठी ख्रिस्ती लोकांनी हाच शब्द उचलला आणि फार योग्य उचलला. नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, एक्लेसिया, त्याचाही अर्थ बोलावून जमविलेली सभा असाच आहे. म्हणून ज्या गावी उपासनेसाठी बांधलेली इमारत नाही, तेथेही मंडळी असू शकते. एखाद्याच्या पडवीत, कडुनिंबाखाली, शाळेच्या खोलीत ती भरते. उलट, सुंदर इमारत असून मंडळी नसावी, असेही जगात पुष्कळ ठिकाणी घडले आहे.

आपल्या भागात ही मंडळी कोणत्या वाटेने आली, हे समजण्यास नकाशा पुढे घ्यावा. ईट हे भूम तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावरचे गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. परंतु ज्या खर्ड्यास १७९५ साली मराठ्यांची व निजामाची प्रसिद्ध लढाई झाली, तो खर्डा आणि त्यापलीकडचे जामखेड हे इंग्रजी अमलातील अहमदनगर जिल्ह्यात होते, आणि दुसऱ्या बाजूस बार्शी सोलापूर जिल्ह्यात होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती, १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ साली ते काम अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पोहोचले. १८३३ साली तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे ते सोलापूर व बार्शीकडे पसरले. मराठी बोलणाऱ्या पुष्कळ मंडळ्या १९७० च्या २९ नोव्हेंबरास नागपूर येथे झालेल्या ऐक्यात उत्तर भारतीय मंडळीत सामील झाल्या. मुक्तिफौज, रोमन कॅथलिक आदी इतर संप्रदाय आपापल्या रीतीने चालतात. येथे सांगितलेले वर्ष मुख्यतः सर्वांस सामाईक आहे. बारीकसारीक फरक ज्याने त्याने आपल्या पाळकांस विचारून घ्यावेत.

मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, हे ऐकून मुलांस गंमत वाटते. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ. त्यांतील पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या अगदी जवळचा असतो. २०२६ साली तो २९ नोव्हेंबर, २०२७ साली २८ नोव्हेंबर. पुढे २५ डिसेंबरास नाताळ. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोम शहरात चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात पाळला जात असल्याची नोंद मिळते, आणि तेथून तो सर्वत्र गेला. ३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना होते व बारा वाजता नववर्षाची प्रार्थना. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ मंडळ्या प्रार्थना-सप्ताह पाळतात. ह्या सप्ताहाची हाक १८५८ साली पंजाबातील लुधियाना येथील मिशनऱ्यांनी दिली होती व १८६० च्या जानेवारीत तो प्रथम पाळला गेला. म्हणजे जगाच्या पुष्कळ देशांत पसरलेली ही चाल आपल्याच देशातून निघाली आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांच्या पुढाकाराने जागतिक प्रार्थनादिन होतो. त्या दिवशी उपासना बहुधा स्त्रियाच चालवितात, आणि एरवी पाठीमागे बसणाऱ्या भगिनींचे वाचन ऐकण्यासारखे असते.

आता तो सरकणारा सण. येशूचे पुनरुत्थान ज्या दिवशी साजरे करतात, त्या ईस्टरच्या रविवारावर वर्षातील निम्मे सण टांगलेले आहेत. त्याच्या आधीचा शुक्रवार तो उत्तम शुक्रवार, म्हणजे वधस्तंभावरील मरणाचा दिवस. त्याच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. सेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार येतो, आणि तेथून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. म्हणून एक ईस्टर सापडला की बाकीचे बोटांवर मोजता येतात. उदाहरणार्थ, २०२७ साली ईस्टर २८ मार्चला. म्हणून राखेचा बुधवार १० फेब्रुवारीस, उत्तम शुक्रवार २६ मार्चला, स्वर्गारोहण ६ मे रोजी आणि पन्नासावा दिवस १६ मे रोजी. विद्यार्थ्यांनी हे मोजून पाहावे.

पण ईस्टरच कसा सापडावा? शुभवर्तमानांप्रमाणे येशूचे मरण यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी झाले. यहुदी महिने आपल्या महिन्यांप्रमाणे चंद्रावर चालतात, आणि वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येतो. म्हणून ईस्टरला चंद्र सोडता येईना; आणि पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले म्हणून रविवारही सोडता येईना. इ. स. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या परिषदेत सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच दिवशी करावा असे ठरले, आणि कालांतराने नियम रूढ झाला तो असा : २१ मार्च रोजी किंवा तिच्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्चच्या आधी कधी येत नाही व २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

हा नियम आपल्या घरातील भिंतीवर टांगलेल्या पंचांगाशी ताडून पाहण्यात मोठी मौज आहे. ही पौर्णिमा आपल्याकडे फाल्गुनी असते किंवा चैत्री असते. म्हणजे उत्तम शुक्रवार एक तर होळी-शिमग्याच्या मागोमाग येतो, नाही तर हनुमान-जयंतीच्या आगेमागे. २०२६ साली चैत्री पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवारी. दुसऱ्याच दिवशी उत्तम शुक्रवार आणि ५ एप्रिलला ईस्टर. २०२७ साली फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चला, आणि पुढचा रविवार २८ मार्च. आपल्या आजीला पौर्णिमा कळते. मग तिला ईस्टरही काढता येईल. मात्र एक सावधगिरी. मंडळी जी पौर्णिमा धरते ती आकाशात पाहून नव्हे, तर पूर्वी तयार केलेल्या कोष्टकांवरून. आणि कोष्टक व आकाश ह्यांत क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०१९ साली आकाशातील पौर्णिमा २१ मार्चला झाली. नियमाप्रमाणे ईस्टर त्याच आठवड्यात यावयास हवा होता. पण कोष्टकातील पौर्णिमा एक दिवस आधी, २० मार्चला पडत होती. ती बाद झाली आणि सण पुढच्या पौर्णिमेवर, म्हणजे थेट २१ एप्रिलला गेला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर जुन्या जूलियन गणनेने चालतात, म्हणून त्यांचा ईस्टर पुष्कळदा निराळ्याच रविवारी येतो. आपल्याकडे अधिक मासामुळे सण मागेपुढे होतात, तशातलाच हा प्रकार आहे; चंद्र आणि सूर्य ह्या दोघांसही राजी ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक पंचांगाला अशी कसरत करावीच लागते.

उपासना म्हणजे काय चालते, असेही पालक विचारतात. गीते, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, दानार्पण. आणि नेमलेल्या रविवारी प्रभुभोजन, ज्यात भाकर व द्राक्षरस वाटून घेतात. गीतांविषयी मात्र चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत. मराठी मंडळीने परदेशी चालींवरच समाधान मानले असते, तर ती आपल्या लोकांस परकीच वाटली असती. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरास कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. टाळ-मृदंगाच्या साथीने पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणाने येशूचे चरित्र गावोगावी गायिले जाऊ लागले. त्यानंतर नारायण वामन टिळक आले. १८६१ साली कोकणात करजगाव येथे जन्मलेले, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले व १९१९ साली वारलेले हे कवी अहमदनगर मंडळीचे भूषण होत. संतांची अभंगवाणी त्यांच्या कानांत लहानपणापासून होती, आणि तीच त्यांनी ख्रिस्ताच्या पायी वाहिली. त्यांची भजने 'उपासनासंगीत' ह्या गीतसंग्रहातून आजही गायिली जातात. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी पुरे केले. ज्या बाईस लग्न झाले तेव्हा नीट लिहिता-वाचता येत नव्हते, तिने हे काम केले आणि शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिली, ही गोष्ट शाळेतील मुलींनी विसरू नये.

सुगीचा सण आपल्या शेतकरी मुलखास सर्वांत जवळचा. इंग्लंडात आजच्या रीतीचा हा सण रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ साली कॉर्नवॉलच्या मॉरवेनस्टो ह्या खेड्यात सुरू केला, आणि तेथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यांच्या गव्हाच्या कापणीनंतर होतो. ती तारीख जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडे शाळू अजून पेरावयाचा असतो! म्हणून सुगीचा सण आपल्या सुगीलाच करावा, हे शहाणपणाचे. लोक ज्वारी, तूर, हरभरा, कोंबडी, अंडी, भोपळा, घरी आटविलेला खवा, जे असेल ते आणतात. उपासना झाल्यावर त्याचा लिलाव होतो. ज्याची ज्वारी असते तोच कधी कधी चढी बोली करून ती परत घेतो, आणि हशा पिकतो. मिळालेला पैसा मंडळीच्या कामास व गरजवंतांस जातो. दुष्काळाच्या वर्षी मात्र हा सण कसोटीचा असतो. ज्याच्या रानात काहीच पिकले नाही, त्याने मोकळ्या हाताने यावे की घरी बसावे? माझ्या मते त्याने अवश्य यावे, आणि मंडळीने त्या वर्षी लिलावाचा गाजावाजा न करता गोळा झालेले धान्य मुकाट्याने वाटून टाकावे. देणाऱ्याचे नाव पुकारणारा सण घेणाऱ्यास लाजविणारा होऊ शकतो.

उपवासकाळातील दानाची रीत निराळी. त्यात उरलेले द्यावयाचे नसते. स्वतःचे काही कमी करून ते द्यावयाचे असते. मुक्तिफौजेत १८८६ साली एका अधिकाऱ्याने वर्षभर जेवणानंतरचा गोड पदार्थ सोडून त्याचे पैसे देण्याचे ठरविले, आणि त्यातून तिचा स्वार्थत्याग-सप्ताह निघाला. मिझोराममध्ये १९१० सालापासून ख्रिस्ती गृहिणी स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची एक मूठ बाजूस काढून ठेवतात. त्या मुठींवर तेथील मंडळीचे मोठे कार्य चालत आले आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड जमविला, तोही ह्याच जातीचा. चाळीस दिवस चहातील साखर कमी करून किंवा खाऊचे पैसे राखून मुलांनी जे जमविले, ते त्यांचे स्वतःचे दान होते. वडिलांच्या खिशातून आणलेली नोट ही वडिलांची.

येथवर सणांचे झाले. आता सेवेचे. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची हेळसांड होऊ लागली. त्या ग्रीक बोलणाऱ्या होत्या. वाटणारे दुसऱ्या भाषेचे. कुरकुर सुरू झाली. तेव्हा तिच्या निवारणासाठी सात माणसे निवडली गेली, आणि त्यांची नावे पाहता ती ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्यातीलच माणसांच्या हाती वाटप दिले गेले, असे दिसते. मंडळीतील सेवकपदाचा उगम हा असा पंगतीतील भेदभावातून झाला आहे.

हा भेदभाव आपल्या परिचयाचा आहे. नगर, सोलापूर व मराठवाड्यातील मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजातील होते. प्रभुभोजनाचा एकच प्याला सर्वांनी तोंडाला लावावा, ही गोष्ट वरच्या जातींतून आलेल्या थोड्यांस आरंभी फार जड गेली. आणि खुद्द अस्पृश्य गणलेल्या जातींतही एकमेकींविषयी सोवळे होते. बाप्तिस्म्याने जात एका दिवसात धुतली गेली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. मंडळीला ह्या बाबतीत पुष्कळ शिकावे लागले व अजून लागत आहे.

सेवेवर घेतला जाणारा मोठा आक्षेपही येथेच पाहू. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली. आणि त्याच वर्षांत पुष्कळ लोक मंडळीत आले. भाकरीसाठी धर्म बदलला, असे तेव्हा म्हटले गेले व आजही म्हटले जाते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असे दिसल्यावर १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांसारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या; केडगावचे मुक्ति सदन त्यातून उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, दुभती जनावरे, छापखाना, सर्व स्त्रियांच्या हाती होते. रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतरही तेथल्याच छापखान्यात स्त्रियांनी जुळविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या तीनशे जणींस कोणी तरी उचलले नसते तर काय झाले असते, हा एक प्रश्न. आणि ज्यास उचलले त्याचे मन मोकळे राहिले काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा टाळता येत नाही.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे मला पटणारे उत्तर ईटपासून फार दूर नाही. खर्ड्यावरून पुढे जामखेड लागते. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मॅबेल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत नगर जिल्ह्यातील शिक्षकांचे पुत्र, मॅबेल जबलपूरच्या. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांस दिसून आले की, बरा होऊन गेलेला रोगी तेच दुखणे घेऊन पुन्हा येतो. जुलाबाचे मूल बरे केले, पण ते पुन्हा त्याच पाण्याकडे गेले. रोगाचे मूळ दवाखान्यात नव्हते. गावच्या आडात, कुडाच्या घरात आणि रिकाम्या टोपलीत होते. म्हणून अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परत आले, ते एका दुष्काळी तालुक्यात, आणि गावकऱ्यांनी बोलाविल्यावर.

त्यांनी आरंभी शिकलेल्या परिचारिकांस खेड्यांत ठेवून पाहिले; त्या फार काळ राहिल्या नाहीत, आणि परक्या असल्याने गावाने त्यांचे ऐकलेही नाही. मग असे ठरले की, प्रत्येक गावाने आपलीच एक बाई निवडावी. निवडल्या गेल्या त्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही विधवा, काही नवऱ्यांनी टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडास येत, तेथे मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र निजत आणि शिकत. शिकविणे पुस्तकाने नव्हे, तर चित्रांनी, गाण्यांनी व एकमेकींच्या अनुभवांनी. बाळंतपण स्वच्छ हातांनी कसे करावे, नाळ कशाने कापावी, मुलाचे वजन कसे पाहावे, जुलाबात काय पाजावे, महारोगाचा चट्टा कसा ओळखावा, खोकला किती दिवस राहिला म्हणजे क्षयाची शंका घ्यावी, हे त्या शिकल्या आणि गावी जाऊन तेच शिकवू लागल्या. काम स्वयंसेवेचे, मोबदला नाममात्र.

पाण्याची गोष्ट तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७० नंतरच्या दुष्काळात गावोगाव कूपनलिका खोदावयाच्या होत्या. त्या शक्य तेथे दलित वस्तीत किंवा तिच्या जवळ खोदल्या जाव्यात, असा आरोळ्यांचा कटाक्ष होता. ज्यांस आजवर दुसऱ्यांच्या आडावर दुरून ओंजळ पसरावी लागे, त्यांच्या दारी पाणी आले, आणि बाकीच्या गावास त्या वस्तीत घागर घेऊन जावे लागले. ह्या एका खोदकामाने जे झाले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. शेतकऱ्यांची व स्त्रियांची मंडळे निघाली. त्यांत सर्व जातींची माणसे एका सतरंजीवर बसू लागली.

परिणाम काय झाला? आरंभी प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा त्याच्या एका लहान अंशावर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामाचे वर्णन आले, आणि १९७८ साली अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्याविषयी जी जागतिक घोषणा झाली, तिच्या आधीच्या विचारात अशा कामांचा वाटा होता. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅबेलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होते व ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु गावाने निवडलेली बाई कोणत्या धर्माची असावी, अशी अट तेथे नव्हती. औषध घेणाऱ्यास उपासनेस यावे लागत नव्हते. आणि काम शेवटी गावाच्याच हाती गेले. सेवा अटीविना कशी होते, हे ओळखण्याच्या खुणा ह्याच आहेत. जेथे घेणाऱ्यास काही काळाने देणारा होता येते, तेथे त्याचे मन विकत घेतलेले नसते.

पालकांस कायदाही माहीत असावा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात असे सांगितले आहे की, सरकारमान्य अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून नाताळच्या उपासनेस मुलाने यावे की नाही, हे घरी ठरवावयाचे आहे. येणाऱ्याचे स्वागत, न येणाऱ्याविषयी वर्गात कोणी टोमणा मारू नये, आणि मुलांनीही एकमेकांस तसा मारू नये. सेवेच्या कामाची गोष्ट निराळी. त्यात हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध, ख्रिस्ती अशी सर्व मुले बरोबरीने येऊ शकतात, कारण त्यात केरसुणी व खराटा धरावयाचा असतो.

तर मुलांस करण्याजोगी कामे कोणती? सर्वांत जुने काम शिकविण्याचे. १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स ह्या वृत्तपत्रकाराने कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी रविवारी शाळा सुरू केली. सहा दिवस त्यांस वाचावयास वेळ नसे. आजची शब्बाथशाळा त्यातूनच निघाली. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले धाराशिव व बीड जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. सहा-सहा महिने ती शाळेबाहेर राहतात. परत आल्यावर अशा एका मुलाचे राहिलेले गणित वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने रोज अर्धा तास घेतले, तर ती खरी शब्बाथशाळा, मग वार कोणताही असो.

दुसरे काम वृद्धांचे. ज्या आजीचे मुलगे पुण्यास गेले आहेत तिच्यासाठी पत्र वाचून दाखविणे, औषधाची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावणे, रेशनाच्या दुकानी बरोबर जाणे. ह्यास पैसा लागत नाही, नियमितपणा लागतो. नाताळच्या आठवड्यात पाचदा जाऊन पुढे वर्षभर तोंड न दाखविणे, ह्याहून न गेलेले बरे. कारण म्हातारे माणूस दाराकडे डोळे लावून बसते.

तिसरे काम शिकून घेण्याचे आहे, आणि ते प्रत्येकाने शिकावे. जुलाब झालेल्या मुलास पाजावयाचे पाणी असे करतात : उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ चांगले विरघळवावे आणि घोट घोट, वारंवार पाजावे. मीठ अधिक पडू देऊ नये. पाणी डोळ्यांतील आसवांहून खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. शौचात रक्त दिसले, मूल मलूल पडले किंवा काहीच पिईनासे झाले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

जानेवारीच्या अखेरीस महारोग निर्मूलनाचा दिवस येतो. जगात तो त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाळतात. आपल्या देशात महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, ३० जानेवारीस. ह्या रोगावर आता खात्रीचे औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि औषध सुरू झाल्यावर रोगी इतरांस रोग देत नाही. तरीही त्यास पंगतीत बसू न देणारी घरे आहेत. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी बधिर चट्ट्याची खूण आपल्या आळीत सांगावी; कोणाच्या अंगावर बोट मात्र दाखवू नये.

आणि संकटकाळची सेवा. १९९३ च्या ३० सप्टेंबरास पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा उस्मानाबाद व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील सास्तूर, किल्लारी आदी गावे मातीमोल झाली. हजारो माणसे दगडी भिंतींखाली झोपेतच गेली. त्या वेळी देशभरातून सर्व धर्मांचे लोक धावून आले. परंतु पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यातून जिवंत माणसे काढली ती शेजाऱ्यांनीच, उघड्या हातांनी. मदत लांबून येईपर्यंत गावाजवळ गावच असते. म्हणून शाळेच्या स्वयंसेवकांनी आपल्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कसा फिरवावा, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणत्या विहिरीस कठडा नाही, ह्यांची एक वही करावी. वही दर वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात नव्याने तपासावी, कारण घरे बदलतात, माणसे जातात, नवी येतात. ज्या मुलांस हे काम घ्यावयाचे असेल त्यांनी पालकांची लेखी संमती आणून वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, त्यांत एक वरच्या वर्गातला व एक खालच्या वर्गातला असावा, आणि शक्य तो दोघे एका आळीतले नसावेत.